पाच कारणं आणि एक डांगर



आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

या चार श्लोकांत भगवंत हिशोबाची वही उघडून बसतात. कुठलंही काम घ्या, चांगलं किंवा वाईट, शरीरानं केलेलं, वाणीनं किंवा मनानं. त्यामागं पाच कारणं असतात. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. आणि जो म्हणतो ‘एकट्या माझ्यामुळं झालं’, त्याला काही दिसलेलंच नाही. हे आपल्याला पाठ असतं, पटत नाही. मला पटलं ते नारायणगडाच्या परिसरात, डांगराच्या वेलापाशी.

बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे धाकटी पंढरी, नगद नारायण महाराजांचं स्थान. तिथून जवळच्या एका वस्तीवर माझी मावशी राहते. परसात न्हाणीच्या पाण्यावर तिनं डांगराचा वेल सोडला होता. (डांगर म्हणजे लाल भोपळा, शहरातल्या मंडळींसाठी सांगतो.)

वेलाला आधी नुसती नर फुलं येतात, लांब बारीक दांड्याची. मागून मादी फूल येतं. त्याच्या बुडाशी इवलंसं डांगर आधीच असतं, पण तो नुसता शब्द दिलेला असतो. पराग पोचला नाही तर काही दिवसांत पिवळं पडून गळतं. हा पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाही, मधमाशीच लागते. त्या साली परसात माश्या दिसेनात, तेव्हा मावशी स्वतःच माशी झाली.

उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरून ठेवायची. फूल पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं, पुन्हा उघडत नाही. तेवढ्या वेळात ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या गोंड्यावर हलकेच फिरवायचा. सगळ्या बाजूंनी लागला पाहिजे, नाहीतर फळ वाकडं वाढू शकतं.

“आज तू लाव,” मावशी म्हणाली.

लावलं. मग विचारलं, “धरंल का गं?”

“धरलं तर धरलं. आपलं काम पहाटं उठायचं.”

आता मोजा. जमीन आणि वेल हे अधिष्ठान. (जुने टीकाकार इथं शरीर घेतात, वेलापुरता मी अर्थ जरा ओढून घेतलाय.) पराग लावणारा मी, कर्ता. डोळे, हात, ते नर फूल ही करणं. खुडणं, फिरवणं ही चेष्टा. आणि दैव? आपण ते लॉटरीसारखं समजतो. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, जसा डोळ्याला सूर्य. म्हणजे ते कुठून तरी बाहेरून येऊन आपटत नाही, माझ्या बघण्यातच आधीपासून हजर असतं. सूर्य नसता तर फूल मला दिसलंच नसतं.

मी तीन फुलांना पराग लावला. एकच धरलं. तोच हात, तीच पहाट, आणि दोन पिवळी पडली. नगद म्हणजे रोख, पण वेल रोखीनं व्यवहार करत नाही.

हे मुद्दाम सांगतोय. पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मित्र परवा म्हणाला, “मेहनत माझी होती, तर अपयशही माझंच. दुसऱ्या कुणाचं?” ऐकायला हे फार प्रामाणिक वाटतं. मला त्यात अहंकारच दिसतो, फक्त उलटा घातलेला. ‘मीच केलं’ म्हणत मिरवणारा आणि ‘मीच बुडवलं’ म्हणत रात्ररात्र जागणारा, सोळावा श्लोक दोघांनाही लागू आहे. त्याचा वाटा खरा आहे. पहाटे उठायचं राहिलं तर ते दैवावर ढकलता येत नाही. पण उरलेल्या चारांचं ओझं त्यानं एकट्यानं का वाहावं?

परदेशात महाकाय भोपळे वाढवणारे लोकही असंच हातानं परागीकरण करतात. कळी आदल्या संध्याकाळी बांधून ठेवतात, कुणाचा पराग कुणाला लावला ते लिहून ठेवतात, मग वेलावर एकच फळ राखून बाकीची काढून टाकतात. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेत एक भोपळा १,२४७ किलो भरला, तेव्हाचा जागतिक विक्रम. बक्षिसाच्या यादीत नाव वाढवणाऱ्याचं लागतं. उन्हाचं कुठून लागणार!

मावशीच्या डांगराचे घारगे झाले, पहिले नैवेद्याला गेले. मित्राला हे चार श्लोक पाठवलेत, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

उद्या सतरावा श्लोक. त्याचा गैरअर्थ फार काढला जातो, म्हणून सावकाश वाचू.

राम कृष्ण हरी.