नाव दुरुस्त करताना



धम्मबंधू-भगिनींनो,

ऑक्टोबर संपत आला की इथे ब्रिटनमधल्या दुकानांत हिरव्या चेहऱ्याचे, मानेला बोल्ट लावलेले मुखवटे दिसू लागतात. आपली मुले त्याला सर्रास 'फ्रँकेन्स्टाईन' म्हणतात. जवळ विज्ञानकथेचा चाहता असला तर तो लगेच अडवतो: हे त्या राक्षसाचे नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचे आहे!

मीही त्या चाहत्यांपैकीच. एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका नवीन सहकाऱ्याला मी चारचौघांत असेच दुरुस्त केले. "ते डॉक्टरचे नाव," मी म्हणालो. लगेच दुसरा म्हणाला, "डॉक्टर नंतर झाला. कादंबरीत तो विद्यार्थी आहे." सगळे हसले, मी ओशाळलो. पण तो नवीन सहकारी माझ्याआधीच गप्प झाला होता, हे घरी जाताना ट्रेनमध्ये लक्षात आले.

माझा मुख्य मुद्दा खरा होता. मग चुकले कुठे?

तथागतांनी चांगल्या वाणीच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत सत्य ही एकच नाही. बोलणे वेळेवर, मृदू, हिताचे आणि मैत्रीभावाने केलेलेही हवे. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तर नावांचाच दाखला आहे. एकाच भांड्याला वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळी नावे असतात. 'माझेच खरे' असा हट्ट धरला की कलह सुरू होतो. माझ्या बोलण्यात सत्य होते, पण मैत्री नव्हती. मला त्याचे अज्ञान दूर करायचे नव्हते, माझे ज्ञान दाखवायचे होते.

मग नावाचा आग्रहच सोडावा का? तसे मला वाटत नाही.

मेरी शेली यांची ही कादंबरी 1818 साली लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना छापली गेली. तिच्यातला तो जीव जन्मतः दुष्ट नाही. तो एका गरीब कुटुंबासाठी रात्री गुपचूप सरपण आणून ठेवतो, लपून भाषा शिकतो, ग्रंथ वाचतो. तरी त्याचे रूप पाहूनच त्याला मारून हाकलले जाते. त्याची क्रूरता त्यानंतरची आहे. निर्मात्याने त्याला नाव दिलेच नाही, दिल्या त्या शिव्या. 1823 च्या लंडनमधील नाटकाच्या पात्रयादीत त्याच्या जागी नुसत्या रेघा होत्या. 1931 च्या चित्रपटात सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ती भूमिका करणाऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह होते.

नाव नाकारणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे, असे मनुस्मृती सांगते. आपल्या आजोबा-पणजोबांना गावाने नावाने कमी आणि जातीने जास्त हाक मारली. आजही परदेशात भारतीय सहकाऱ्यांसमोर आडनाव सांगताना क्षणभर थांबणारे आपल्यात आहेत. मीही थांबलो आहे. माझे नाव कुणी चुकीचे उच्चारले तर वर्षानुवर्षे मी ते तसेच चालू दिले, कारण दुरुस्त केले तर पुढचा प्रश्न आडनावाचा येईल ही भीती होती.

विसंगती पाहा. एका काल्पनिक पात्राच्या नावासाठी मी हिरिरीने बोललो, स्वतःच्या नावासाठी मात्र नाही.

म्हणून मी आता स्वतःला एवढेच विचारतो: या दुरुस्तीने मान कुणाचा वाढणार आहे? फक्त माझा वाढणार असेल, तर ती पोटात ठेवलेली बरी. ज्याचे नाव आहे त्याचा वाढणार असेल, तर बोललेच पाहिजे. शांतपणे, पण न कचरता. स्वतःचे नावही त्यात आले.

दुसऱ्या दिवशी मी त्या सहकाऱ्याची माफी मागितली. त्याने सहज विचारले, "मग त्या बिचाऱ्याचे खरे नाव काय?"

नाही, असे मी सांगितले. आणि मग मला जाणवले, इतकी वर्षे मी लोकांची चूक सुधारत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!