नचिकेताचा बाप गप्प होता, तेव्हा

वाजश्रवसाने यज्ञात दान केलेल्या गाई म्हाताऱ्या, भाकड होत्या. लहानग्या नचिकेताला ते खुपलं. पण ‘बाबा, हे चुकतंय’ असं तो म्हणाला नाही. ‘मला कोणाला देणार?’ एवढंच त्याने विचारलं. मुलांच्या मनातली घालमेल बहुधा अशी आडवाटेनेच येते. बाप गप्प. मुलाने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो उसळून म्हणाला, ‘मृत्यूला!’

ही गोष्ट कठोपनिषदातली. त्यावरची प्रवचनं श्रेय-प्रेय आणि रथाच्या रूपकात रंगतात. आईबापांनी मात्र या सुरुवातीपाशीच जरा रेंगाळावं. मुलाचं ऐकायला गप्प राहावं लागतं. पण मौन तर वाजश्रवसानेही पाळलं होतं. मग बिनसलं कुठे? प्रश्न आपोआप विरून जावा, म्हणून तो गप्प होता. मुलाला शिक्षा म्हणून धरलेला अबोला याच जातीचा. समोरचा माणूस ऐकायला थांबलाय की विषय टाळतोय, हे मुलांना लगेच कळतं.

पुढे बापाच्या शब्दाखातर नचिकेत यमाच्या दारी गेला आणि यम घरी नसल्याने तीन रात्री उपाशी राहिला. परतलेल्या यमाने आधी पाहुण्याची क्षमा मागितली आणि तीन वर देऊ केले. पहिल्याच वरात पोराने काय मागावं? बापाचा राग निवावा आणि घरी परतल्यावर त्याने आपल्याशी प्रेमाने बोलावं! बापापुढे जे ओठांवर आलं नाही, ते मृत्यूपुढे आलं.

ऐकायला थांबल्याने काय होतं, हे वर्गातही दिसलं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबत. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबत आणि ‘माहीत नाही’ कमी होई. तिथे प्रश्न विज्ञानाचे होते. मनातलं सांगायला तीन सेकंद कुठले पुरायला? घरी तर ‘काय झालं?’च्या पाठोपाठ ‘बाई ओरडल्या का? कोणी मारलं का?’ अशी सरबत्ती सुरू होते. मग मूल मान हलवून मोकळं होतं.

१९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या १०९८ या मुलांसाठीच्या ‘चाइल्डलाइन’ हेल्पलाइनवर असंख्य फोन असे येत आले आहेत, की पलीकडून कोणी बोलतच नाही. हेल्पलाइनने त्यांना खोडसाळपणा म्हणून मोडीत काढलं नाही. ‘मूक कॉल’ म्हणून त्यांची वेगळी नोंद ठेवली.