पिंजऱ्यातील फांदी

बंदिवान जिवाशी दयेने वागणे हा धर्म आहे, की त्या बंदिवासाला दिलेली ती मूक संमती आहे? हा प्रश्न सामान्यतः तुरुंग, वेठबिगार, गुलामगिरी अशा मोठ्या अन्यायांच्या संदर्भात विचारला जातो. परंतु चंद्रपूर, बल्लारपूर किंवा गडचिरोली येथील एखाद्या घराच्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यासमोर क्षणभर उभे राहिले, तर तो तितक्याच गांभीर्याने पुढे येतो आणि अधिकच अवघड होतो. कारण येथे कैद करणारा आणि दया करणारा एकच असून, तो आपणांस मनापासून पक्षिप्रेमी समजत असतो.

आपल्या संतवाङ्मयाने या प्रसंगाचा विचार केला तो पक्ष्याच्या अंगाने. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या शुकाचा दृष्टांत आहे. पारध्याने लावलेली पोकळ नळी पक्ष्याच्या भाराने फिरते, पक्षी उलटा लोंबकळू लागतो, आणि पाय सोडले तर सारे आकाश त्याचेच असताना, आपण बांधले गेलो या भ्रमाने तो ती नळी अधिकच घट्ट आवळून धरतो. साधकाच्या बंधनाचा कर्ता साधकच असतो, हे याहून स्पष्ट कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. परंतु हा उपदेश मुमुक्षूसाठी आहे, पक्षी पाळणाऱ्याच्या समाधानासाठी नाही. ओसरीवरील पक्ष्याचे बंधन भ्रममूलक नसते. दाराला कडी असते आणि ती बाहेरून लावलेली असते. हा माझ्यावाचून जगूच शकणार नाही, याला माझा लळा आहे, येथे तो सुखात आहे, असे जो स्वतःला रोज बजावतो, त्या मालकाच्याच मुठीत आज ती नळी आहे, आणि पकड सोडण्याचा उपदेश लागू पडतो तोही त्यालाच.

चंद्रपूरहून फार दूर नसलेल्या भद्रावतीस केसरिया पार्श्वनाथाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. तेथे ज्या परंपरेची पूजा होते तिने गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: प्राण्याला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, पेलवणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. या यादीत बंधनाचा क्रमांक पहिला आहे, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. कारण चारा-पाणी वेळेवर दिले म्हणजे आपण हिंसेतून मुक्त झालो अशी आपली समजूत असते, आणि ही यादी ती समजूत पहिल्याच पायरीवर अडवते. तरीही जैन आचार्यांनी संसारी माणसाची अडचण ओळखली होती. गुराढोरांना बांधणे भाग असेल तर गाठ सैल असावी, आग लागली असता ती चटकन सोडता यावी. आणि शक्यतो न बांधता राहतील असेच प्राणी बाळगावेत, असा त्यांचा विवेक आहे. ज्याला बांधल्यावाचून ठेवताच येत नाही तो पक्षी या कसोटीला उतरत नाही, हे कबूल केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पण सगळेच पिंजरे सारखे नसतात. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि त्याच्या प्रारंभीच्या काळात डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार घेऊन परतणारे माडिया आदिवासी भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. ते त्यांनी मागून घेतले, आणि तेथून वन्यप्राण्यांच्या त्या प्रसिद्ध अनाथालयाचा आरंभ झाला. त्या कुंपणांच्या आतही बंधन आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ते बंधन हौसेतून जन्मलेले नाही. आई गेलेल्या, अरण्यात परतण्यास असमर्थ झालेल्या जिवाची कोणीतरी हमी घेतली, तिचा तो परिणाम आहे. मला तर त्या शिकाऱ्यांचा दोषही हौशी पिंजरेवाल्याहून हलका वाटतो. भुकेपोटी मारणारा आपल्या कृत्याला प्रेम म्हणत नाही.

आपल्या घरी पक्षी कसा आला, यावर म्हणून पुष्कळसे अवलंबून आहे. रानातील पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. त्या ढोलीतून पिल्लू काढून बाजारात आणणे ही सरळ चोरी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देशी पक्ष्यांच्या व्यापाराला मनाईच आहे. तो पोपट घरात असेल तर त्याला बसायला पिंजऱ्यात फांदी कोणती लावावी हा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणून आणतात ते बजरी पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८४० साली जॉन गूल्ड यांनी ते इंग्लंडात नेले आणि तेव्हापासून त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढल्या. त्यांना ताडोब्याच्या रानात सोडून देणे म्हणजे मुक्ती नव्हे, ते मृत्यूच्या हवाली करणे होय. त्यांचे पूर्वज कोणी पकडले याचा दाखला आज मिळणार नाही. कब्जा मात्र आपला आहे, आणि कब्जाबरोबर देणेही आपल्याकडे आले आहे.

या देण्याचा पहिला हप्ता पायाखाली आहे. पक्षी आयुष्यातील बहुतेक काळ उभा असतो, झोपतोही उभ्यानेच. विकतच्या पिंजऱ्यात एकाच जाडीच्या दोन गुळगुळीत दांड्या असतात. त्यांवर अहोरात्र उभे राहिल्याने तळव्याच्या त्याच त्या ठिकाणी भार पडतो, कातडी झिजते, सूज येते, जखम होते आणि उपेक्षा झाली तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. रानातील फांदी कोठे जाड, कोठे बारीक, कोठे गाठाळ असते. तिच्यावर पाऊल दर वेळी निराळे पडते आणि भार फिरता राहतो. पोपटाच्या जातीला दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. ती बोटे फांदीला बहुतांशी वेढतील, पण नखे एकमेकांना भिडणार नाहीत, एवढी जाडी योग्य. कडुनिंब, पेरू, तुती किंवा बाभूळ यांची, औषध न फवारलेली फांदी घ्यावी. बाभळीचे काटे काढावेत. ब्रशाने घासून गरम पाण्याने धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. साल ठेवावी, कारण ती सोलणे हा चोचीचा उद्योग आहे, आणि निरुद्योग ही कैदेतील मोठी शिक्षा. रंग, रोगण काही लावू नये. टोकाला भोक पाडून गंज न चढणाऱ्या बोल्टाने व चकतीने ती जाळीला बसवावी. दाण्यापाण्याच्या वाटीवर मात्र येऊ देऊ नये, नाहीतर विष्ठा त्यात पडते. कण्हेर विषारी आहे, रुईचा चीक वाईट, आणि बिब्ब्याचा चीक माणसाच्याही अंगावर फोड आणतो. आपल्या जंगलात बिब्बा भरपूर असल्याने ही सूचना मुद्दाम करतो.

फांदी कोणाची, हाही प्रश्न आहेच. गोंड समाज साजा वृक्षात, म्हणजे आपल्या ऐनात, बडादेवाचा वास मानतो. जुन्या निस्तारपत्रकांनी गावकऱ्याला घरगुती गरजेपुरत्या लाकूडफाट्याचा हक्क दिला तो गरजेपुरताच. आपली हौस ही त्यातली गरज नव्हे. परसातल्या पेरूची छाटणी होते तेव्हाची फांदी पुरेशी आहे. एका जिवाचे ऋण फेडण्यासाठी दुसऱ्याला जखम करण्याची तजवीज करू नये.

हे सारे केल्याने पुण्य लागते काय, असे कोणी विचारील. माझ्या मते लागत नाही. घेतलेले कर्ज फेडणाऱ्याला दानशूर म्हणत नाहीत. पण म्हणून कर्ज बुडविण्याची मुभाही मिळत नाही. बंदिवान जिवाशी दयेने वागणे बंदिवासाला पावन करते असे मानणे जितके चूक, तितकेच, बंदिवास मुळात अधर्म आहे म्हणून आतल्या जिवाच्या पायांकडे पाहण्याचे कारण नाही, असे म्हणणेही चूक आहे. आणि दुसरी चूक मला अधिक निष्ठुर वाटते, कारण तत्त्वाचा अभिमान तेथे दुखऱ्या पायाच्या मोबदल्यात मिळविलेला असतो.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच आहे. घरात रानचा पोपट असेल तर तो जवळच्या वनकार्यालयाच्या स्वाधीन करावा. घरी वाढलेला पक्षी परस्पर सोडून देऊ नये, त्याला उडण्याचे व अन्न शोधण्याचे बळ राहिलेले नसते. बजरी असेल तर येत्या रविवारी गुळगुळीत दांडी काढून तेथे फांदी बसवावी आणि कुरतडली गेली की ती बदलत राहावी. आणि आपले आयुष्य पुरे करून तो पक्षी गेला म्हणजे त्या पिंजऱ्यासाठी दुसरा विकत आणू नये.