जेत्यांचा न्याय आणि उरलेली फिर्याद

टोकियोच्या इचिगाया भागात जपानच्या लष्करी मंत्रालयाची इमारत होती. महायुद्धात जपानी सैन्याचा कारभार जिथून चालला, त्याच इमारतीच्या सभागृहात ३ मे १९४६ रोजी जपानच्या २८ नेत्यांवरचा खटला उभा राहिला. १४ मे रोजी आरोपींचे अमेरिकन वकील मेजर बेन ब्रूस ब्लेकनी बोलायला उठले. युद्धात माणूस मारणं हा कायद्याने खून होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात अ‍ॅडमिरल किड मारले गेले, तो खून ठरवायचा असेल, तर हिरोशिमावर अणुबॉम्ब कोणाच्या हातून पडला आणि त्याची आखणी कोणी केली, ही नावंही आपल्याला ठाऊक आहेत, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितलं. हिरोशिमाला तेव्हा नऊ महिने झाले होते. सभागृहातले जपानी लोक कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकत होते. ते भाषांतर नेमकं इथे थांबलं. इंग्रजी नोंदीत ब्लेकनींचं भाषण आहे, जपानी नोंदीत हा भाग नाही. तीन दिवसांनी अध्यक्ष सर विल्यम वेब यांनी न्यायालयाच्या अधिकारावरचे आक्षेप फेटाळले आणि कारणं नंतर दिली जातील, असं जाहीर केलं. ती कारणं यायला १९४८चा नोव्हेंबर उजाडला.

जेत्यांनी केलेल्या न्यायाचा विषय निघाला की सहसा दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, गुन्हे इतके भयंकर होते की न्यायासनावर कोण बसलं होतं हे विचारणंच गैर. दुसऱ्या तटाच्या लेखी सगळा खटला म्हणजे कायद्याचा झगा घातलेला सूड. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. हरलेल्या गुन्हेगारांना शिक्षा झाली, यात काही वावगं झालं असं मी मानत नाही. वावगं हे झालं, की कायदा जेत्यांच्या दारापर्यंत आला आणि तिथून परतला. दोष असा असेल तर त्यावरचा इलाजही त्याला धरूनच हवा. आरोपी सोडून देणं हा तो इलाज नव्हे. कायद्याला ते दार ओलांडायला लावणं, हा आहे.

या खटल्यांची मांडणीच पाहा. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याची सनद लंडनमध्ये ८ ऑगस्ट १९४५ रोजी सही होऊन तयार झाली. हिरोशिमा होऊन दोन दिवस झाले होते आणि नागासाकी दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. न्यायासनावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चार विजेत्या देशांचेच न्यायाधीश होते. त्यांपैकी रशियाचे निकिचेंको हे ही सनद तयार करणाऱ्यांतही होते, आणि त्याआधी १९३६ साली स्टालिनच्या मॉस्को खटल्यात न्यायाधीश म्हणून बसले होते. टोकियोचं न्यायालय तर जनरल मॅकार्थर यांच्या एका हुकूमनाम्याने जन्माला आलं. न्यायाधीशांची नेमणूक त्यांच्या हाती होती आणि शिक्षेचा फेरविचारही त्यांच्याच हाती. ११ न्यायाधीश ११ देशांचे, पण सगळे देश जपानच्या विरुद्ध बाजूचे. ज्या कोरियावर जपानने ३५ वर्षं राज्य केलं, त्या कोरियाचा न्यायाधीश नव्हता. इंडोनेशियाच्या वतीने नेदरलँड्स आणि व्हिएतनामच्या वतीने फ्रान्स बसले होते, आणि त्याच महिन्यांत हे दोन्ही देश आपल्या जुन्या वसाहती बंदुकीच्या जोरावर परत मिळवण्याच्या मागे होते.

ही विसंगती सर्वांत स्पष्ट ओळखली ती राधाबिनोद पाल यांनी. नदिया जिल्ह्यातल्या, आता बांगलादेशात असलेल्या एका खेड्यात जन्मलेला, कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेला आणि कलकत्ता विद्यापीठाचा कुलगुरू झालेला हा कायदेपंडित भारतातर्फे टोकियोला गेला. त्यांचं भिन्न मत १२३५ पानांचं आहे. आक्रमक युद्धाला १९४५ पूर्वी कोणत्याही कायद्याने व्यक्तीचा गुन्हा ठरवलेलं नव्हतं. १९२८च्या करारात राष्ट्रांनी युद्धाचा मार्ग सोडल्याचं म्हटलं, पण तो मोडणाऱ्याला शिक्षा कोणती, हे त्यात नव्हतं. मग कृत्य झाल्यावर केलेल्या कायद्याने माणसाला फासावर कसं चढवायचं? आणि साम्राज्य बळकावणं हा गुन्हाच असेल, तर इतर साम्राज्यांचं काय? असे प्रश्न विचारून पालांनी सर्व आरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवलं. हे मत न्यायालयात वाचून दाखवलं गेलं नाही, आणि अमेरिकी ताबा संपेपर्यंत जपानमध्ये ते छापताही आलं नाही. २५ जण दोषी ठरले, ७ जणांना २३ डिसेंबर १९४८ रोजी सुगामो तुरुंगात फाशी झाली.

आपल्याकडे पालांचं नाव अभिमानाने घेतलं जातं आणि जपानमध्ये त्याहून जास्त. यासुकुनी देवस्थानात २००५ पासून त्यांचं स्मारक उभं आहे. याच देवस्थानात टोकियो खटल्यातले १४ आरोपी वीर म्हणून पूजले जातात. पण पालांची सगळी पानं वाचणाऱ्याला तिथे आणखी एक गोष्ट सापडते. नानकिंगमध्ये जपानी सैनिकांनी जे केलं ते अमानुष होतं, आणि पुराव्यातल्या सगळ्या उणिवा लक्षात घेतल्या तरी त्याबद्दल शंका उरत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. या आरोपींनी ते हुकूम दिले किंवा जाणूनबुजून होऊ दिले, हे सिद्ध झालं नाही, एवढाच त्यांचा निष्कर्ष होता. मला तो निष्कर्ष मान्य नाही. चीनची ती राजधानी पडल्यावर कित्येक आठवडे कत्तल चालू असेल, तर सेनापती आणि मंत्री यांनी ती थांबवायला हवी होती, ही जबाबदारी त्यांच्या पदातच आहे. पण पालांनी कत्तल नाकारली नव्हती. त्यांच्या नावाचा आधार घेऊन ती नाकारणारे लोक त्यांचं मत अर्धंच उचलतात.

‘तुम्हीही तेच केलंत’ हे वाक्य या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे, आणि त्याचं वजन ते कोण बोलतं यावर ठरतं. आरोपी बोलला तर ते पळवाट होते. शेजाऱ्यानेही खून केला, म्हणून माझा खून माफ होत नाही. पण हिरोशिमात पोरं गमावलेला बाप ते बोलला तर ती फिर्याद होते, आणि फिर्यादीला उत्तर द्यावंच लागतं. जेत्यांच्या न्यायालयांनी हे दोन आवाज एकच मानले. आरोपीची पळवाट बंद करताना त्यांनी पीडिताचं तोंडही बंद केलं.

हे काल्पनिक नाही. १९५५ साली हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या पाच जणांनी जपान सरकारविरुद्ध टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. त्यांतल्या एकाची पाच मुलं हिरोशिमात गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता करारात जपानने आपल्या नागरिकांचे अमेरिकेवरचे दावे सोडून दिले, तेव्हा भरपाई आता आपल्याच सरकारने द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. ७ डिसेंबर १९६३ रोजी निकाल लागला. बिनसंरक्षित शहरावर सरसकट बॉम्ब टाकणं आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होता, असं न्यायालयाने स्वच्छ शब्दांत म्हटलं. भरपाई मात्र मिळाली नाही, कारण व्यक्तीला असा दावा लावण्याचा हक्कच कायद्यात नव्हता. अणुबॉम्बच्या वापराबद्दल कोणत्याही न्यायालयाने दिलेला बेकायदेशीरपणाचा हा पहिला निर्वाळा. इचिगायात ज्याचं भाषांतर थांबलं, त्या प्रश्नाला उत्तर द्यायला जेते पुढे आले नाहीत. ते हरलेल्या देशाच्या एका साध्या जिल्हा न्यायालयाने दिलं.

जेत्यांच्या न्यायाने हरलेल्यांवर फक्त कठोरपणा केला, हा समजही सोडायला हवा. जिथे जेत्याचा फायदा होता, तिथे गुन्हेगारच सुटले. मंचुरियात शिरो इशीच्या ७३१ क्रमांकाच्या पथकाने कैद्यांना रोगजंतू टोचले, जिवंतपणी त्यांची चिरफाड केली. त्या प्रयोगांची माहिती अमेरिकेला हवी होती, म्हणून इशीला टोकियोत आरोपीच केलं गेलं नाही. ज्यांच्या नावाने युद्ध पुकारलं गेलं ते सम्राट हिरोहितोही ताब्याचा कारभार सुरळीत चालावा म्हणून खटल्याबाहेर राहिले. सैन्याच्या वेश्यागृहांत कोंडलेल्या हजारो कोरियन स्त्रियांसाठी कुणी स्वतंत्र आरोप ठेवला नाही. इथे अन्याय कोणावर झाला? युद्धकाळातले पंतप्रधान तोजो यांच्यावर झाला नाही. तो मंचुरियातल्या चिनी कैद्यांवर आणि त्या स्त्रियांवर झाला.

तरीही सगळे खटले एकाच मापाने मोजता येत नाहीत. न्यूरेंबर्गला रशियाने कातिन जंगलातल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्येचा आरोप जर्मनांवर ठेवला, पण पुरावा टिकला नाही आणि निकालात त्या आरोपाचा उल्लेखच आला नाही. ते हत्याकांड आपल्याच पोलिसांचं होतं, ही कबुली सोव्हिएत सरकारने १९९० मध्ये दिली. जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झच्या वकिलाने अमेरिकन अ‍ॅडमिरल निमिट्झ यांची लेखी साक्ष मिळवली. प्रशांत महासागरात अमेरिकी पाणबुड्याही पहिल्या दिवसापासून कोणतंही बंधन न पाळता जहाजं बुडवत होत्या, असं त्या साक्षीत होतं. पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याबद्दल डोनिट्झच्या शिक्षेत भर घालायची नाही, असं मग न्यायालयाने ठरवलं. तीन आरोपी निर्दोष सुटले. पक्षपाती मांडणीतही पुरावा आणि बचाव यांना जागा मिळाली, की न्यायालय जेत्याच्या इच्छेपासून थोडं दूर सरकतं.

ती जागाच नसेल तर काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १८५९च्या एप्रिलमध्ये तात्या टोपे पकडले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत शिवपुरीला त्यांना फाशी झाली. आपण आपल्या धन्यांचे, नानासाहेबांचे आणि मग रावसाहेबांचे, हुकूम पाळले, आणि युरोपियन स्त्री-पुरुष-मुलांच्या हत्येत आपला हात नाही, असं त्यांनी जबाबात सांगितलं. ते खरं की खोटं, हे तपासण्याची त्या लष्करी न्यायालयाला गरजच नव्हती. आरोप ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंडाचा होता, आणि जो आपल्याला ब्रिटिशांचा प्रजाजन मानतच नव्हता त्याच्याकडे त्याला उत्तर असण्याचं कारण नव्हतं. कानपूरच्या बिबीघरातल्या बायकामुलांची हत्या खरी होती. अलाहाबाद आणि कानपुरात कर्नल नीलने दिलेल्या फाशीही खऱ्या होत्या. नीलवर खटला झाला नाही. अशा न्यायात बिबीघराच्या विहिरीत टाकलेल्यांनाही सत्य मिळालं नाही, कारण सत्य शोधण्यासाठी तो खटला भरलाच नव्हता.

मग जेत्यांनी खटले भरवूच नयेत का? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच उपखंडात आहे. १९७१च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते. त्यांपैकी १९५ जणांवर खटले चालवायचं बांगलादेशाने ठरवलं, त्यासाठी १९७३ मध्ये कायदा केला. पाकिस्तानात अडकलेल्या बंगाल्यांचं भवितव्य, बांगलादेशाला मान्यता, कैद्यांची परतपाठवणी, या सगळ्याच्या वाटाघाटीत ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत करार झाला आणि ते १९५ जण मायदेशी गेले. पाकिस्तानच्या हमुदुर रहमान आयोगाने वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटले चालवण्याची शिफारस केली होती. अहवाल कित्येक वर्षं दडवला गेला, खटले झाले नाहीत. त्या तडजोडीमागची राजकीय कारणं मला समजतात. पण किंमत कोणी दिली, तेही दिसतं. साक्षी नोंदल्या गेल्या नाहीत, कागदपत्रं न्यायालयात उलटतपासली गेली नाहीत, आणि मेलेल्यांच्या आकड्यावरून आजही हमरीतुमरी चालू आहे. नानकिंग नाकारणाऱ्याच्या समोर टोकियोची नोंद ठेवता येते. ढाक्याच्या विद्यापीठातल्या कत्तलीसाठी सेनापतींना जाब विचारणारी तशी नोंद उभीच राहिली नाही. पक्षपाती खटला वाईट, पण खटलाच न होणं हे पीडितांसाठी त्याहून वाईट ठरू शकतं.

म्हणून एखाद्या खटल्याला मी तीन प्रश्न विचारतो. आरोपी सुटण्याची खरी शक्यता होती का? बचावाला पुरावा मागण्याचा, मिळवण्याचा हक्क होता का? आणि ज्या कायद्याने त्यांना शिक्षा झाली, तोच कायदा जेत्याने पुढे स्वतःवर लागू होऊ दिला का? न्यूरेंबर्ग पहिल्या दोन प्रश्नांत बऱ्याच अंशी टिकतं, टोकियो त्याहून कमी. तिसऱ्या प्रश्नावर दोन्ही नापास होतात, आणि तिथे अजूनही कोणी उत्तीर्ण झालेलं नाही. १९९८ च्या रोम कराराने कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून सुरू झालं. त्याचे नियम युद्धाआधी लिहिलेले आहेत आणि न्यायाधीश जेत्याने नेमलेले नाहीत. पालांच्या आक्षेपांतल्या दोन मोठ्या आक्षेपांना दिलेलं हे उत्तरच आहे. पण अमेरिका, रशिया आणि चीन त्याचे सदस्य नाहीत. अफगाणिस्तानातल्या कृत्यांची चौकशी सुरू होताच २०२० मध्ये अमेरिकेने त्या न्यायालयाच्या सरकारी वकिलावरच निर्बंध लादले.

भारतही सदस्य नाही. आपल्या सार्वभौमत्वाची आणि सुरक्षा परिषदेला दिलेल्या जादा अधिकाराची काळजी भारताने मांडली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. पाच बलाढ्य देश कोणाला कोर्टात पाठवायचं ते ठरवणार आणि त्यांतले तीन स्वतः बाहेर राहणार, ही टोकियोचीच जुनी रचना आहे. पण त्या रचनेवरचा आपला आक्षेप बाहेर उभं राहून बळकट होत नाही. ज्या देशाच्या न्यायाधीशाने बलवानांना समान कायद्याचा आरसा दाखवला, त्या देशाने आपल्या सैनिकांसकट सर्वांना लागू होणारा कायदा मागायला हवा, आणि तो आधी स्वतःला लागू करून घ्यायला हवा. पालांच्या स्मारकाला हार घालण्यापेक्षा हे अवघड आहे. मला मात्र त्यांच्या १२३५ पानांचा हाच अर्थ उरलेला दिसतो: कायदा हरलेल्यापुरता असेल तर तो कायदा नाही, आणि म्हणूनच तो जिंकलेल्यापर्यंत नेण्याचं काम आपल्यापैकी प्रत्येक देशावर आहे.