धार किती असावी?

माणसाला धार किती असावी, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी तीन खंड लिहिले असते. वस्तऱ्याला किती असावी, याचं उत्तर मात्र धार लावायच्या दगडावर छापलेलंच असतं : १०००, ४०००, ८०००, १२०००. आकडा मोठा, तितकी कणी बारीक. मूळ हिशेब चाळणीचा. एका इंचात भोकं किती. रवा, पीठ, वस्त्रगाळ हे आपल्या आज्या न मोजता ओळखत. पुढे कण इतके सूक्ष्म होतात की चाळणीही हात टेकते. मग ते पाण्यात ढवळायचे आणि कोण आधी तळाला बसतो ते पाहून निवडायचे. ८००० चा कण एक-दोन मायक्रॉनचा. आपला केस पन्नास ते शंभर!

मुलुंडचे आमचे शेजारी निवृत्तीनंतर या नादाला लागले. (काही जण ज्योतिषाकडे वळतात, त्यापेक्षा हे बरं.) १००० वर पात्याचे दोन्ही उतार जुळवायचे. त्यापुढच्या प्रत्येक दगडाचं काम एकच, आधीच्या दगडाचे ओरखडे पुसायचे. कसे? त्याहून बारीक ओरखडे काढून! म्हणजे आपण जिला गुळगुळीत धार म्हणतो, ती निव्वळ न दिसणाऱ्या ओरखड्यांची. हे कळल्यापासून सोसायटीच्या वार्षिक सभेतली सभ्य भाषा मला वेगळीच ऐकू येते. 'आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून' हा चांगला बारा हजारी दगड आहे.

घाईने १००० वरून थेट ८००० वर उडी मारली, तर पातं चकाकतं, पण खोल चरे तसेच राहतात. आरशाला ते दिसत नाहीत, गालाला कळतात. शिवाय वस्तरा दगडावर आडवा टेकतो तो पाठीसकट. धारेचा कोन पाठच ठरवते. त्यामुळे धारेबरोबर पाठही झिजते. अतीच घासलं तर कडेला पातळ तार निघते आणि दाढीच्या पहिल्या फटक्याला मुडपते.

आता तुम्ही म्हणाल, यात नीती-अनीती कुठे आली? ती शेजाऱ्यांच्या नातवामुळे आली. मुलगा घाटकोपरचा, दहावीतला. सकाळी एक क्लास, मग शाळा, संध्याकाळी दुसरा क्लास, रविवारी टेस्ट. "अजून धार यायला हवी," असं त्याचे वडील म्हणतात. परवा आला तेव्हा पोरगं सोफ्यावर बसल्याबसल्या झोपलं. आजोबा हातातला दगड खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

अंधेरीला स्टेशनजवळच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर आहेत. दुकानात आता सगळीकडे असतं तसं अर्धं ब्लेड बसवायचं हत्यार; पण जुना वस्तरा, दोन दगड आणि चामड्याचा पट्टा अजून जपलेला. (सेना महाराजांनी अभंगात आरसा आणला, चिमटा आणला, दगडाचं तेवढं राहून गेलं.) शेजाऱ्यांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला दोन दगडांत कसं भागायचं?"

"काका, दाढीच करायची ना?" म्हातारे म्हणाले. "मनगटावरचा केस उडाला की हात थांबवायचा. रोज दगडावर घेतला असता तर हा वस्तरा बापाकडून माझ्यापर्यंत आलाच नसता. रोजच्याला पट्टा."

गेल्या रविवारी नातवाची टेस्ट बुडाली. दुपारभर तो मुलुंडच्या गॅलरीत आजोबांकडून पट्ट्यावर वस्तरा फिरवायला शिकत होता. पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाच कापतो. घाटकोपरहून तीनदा फोन आला. आजोबांनी दर वेळी सांगितलं, "अभ्यास चाललाय."