सदाचार आणि प्रायश्चित्त

आपल्या शास्त्रकारांनी आचारास धर्माचे मूळ मानले आहे. मनुस्मृतीने तर त्यास परमधर्म म्हटले. वचने मुखोद्गत असणे ही स्मरणशक्तीची गोष्ट. ती अंगी बाणणे ही साऱ्या आयुष्याची साधना होय.

परंतु प्रपंची माणसाचे काय? रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत गृहस्थाचा दिवस हजेरी, वजनमाप आणि हिशेब यांत जातो. लोभाने, भयाने किंवा भिडेने एखादे दिवशी पाऊल घसरते. मग मन म्हणते, ‘आता सदाचाराच्या गोष्टी मी कोणत्या तोंडाने बोलू?’

या शंकेचे उत्तर रायपूरशीच निगडित असलेल्या एका मराठी पुरुषाच्या चरित्रात आहे. पं. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ आणि १९०७ साली नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस अटक झाली. आप्तांच्या आग्रहापुढे मन वाकले व माफी लिहून देऊन ते सुटले. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली होती!

सप्रे यांस ही माफी जन्मभर सलणारी होती. त्यांनी रामदासी मार्गाचा आश्रय केला, मधुकरी मागून निर्वाह केला आणि दासबोधाचे परिशीलन करून तो हिंदीत आणला. पुढे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांच्याच हातून घडला, १९१६ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या कसोटीच्या वेळी ते मागे सरले, तिच्यातूनच निपजलेला ग्रंथ त्यांनी हिंदी भाषिकांच्या घरी पोहोचविला. याहून थोर प्रायश्चित्त कोणते?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की, मोठा दुराचारी देखील अनन्यभावाने भजू लागला तर त्यास साधूच मानावे. कारण त्याचा निश्चय योग्य झालेला असतो. मात्र निश्चय मनातच राहिला तर तो केवळ पश्चात्ताप. तो कृतीत उतरला म्हणजेच सदाचार.

म्हणून चूक झाल्यास सबब सांगू नये. कोणाचे घेतले असेल ते परत करावे, कोणास दुखविले असेल त्याची क्षमा मागावी, आणि जेथे पाऊल चुकले तेथूनच सेवेस आरंभ करावा. मुलेबाळे आपले प्रवचन विसरतील. बापाने चूक कबूल करून ती निस्तरलेली मात्र विसरणार नाहीत. असा आचार घरोघरी नांदो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.