तापाचा दोष कुणाकडे?

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या कोनिंग्स्बीत पारा ४०.३ अंशांवर गेला. ब्रिटनच्या नोंदींतला तो उच्चांक. त्याच दिवशी लंडनमधल्या गाइज अँड सेंट थॉमस या सरकारी रुग्णालयसमूहाची दोन्ही डेटा सेंटर तापून बंद पडली. डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, यंत्रणा पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. गूगल आणि ओरॅकलच्या लंडनमधल्या सेंटरांतही त्या दिवशी कूलिंगने मान टाकली.

दोष कुणाचा? उन्हाचा, यंत्राचा की माणसाचा?

यंत्राची बाजू भौतिकशास्त्राने मांडून ठेवली आहे. आयबीएममधले रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की माहितीचा एक बिट पुसायचा तर थोडी तरी उष्णता बाहेर टाकावीच लागते. ती एका ज्यूलच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कमी असते, पण शून्य नसते. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात प्रयोगाने त्याचा पडताळाही मिळाला. आजच्या चिप या किमान मर्यादेच्या कितीतरी पट जास्त तापतात. म्हणजे थोडा ताप सृष्टिनियमाचा; उरलेला आपल्या बांधणीचा आणि वापराचा.

टळणारे आणि न टळणारे यांची अशीच वाटणी जैन आचार्यांनी फार पूर्वी केली. चूल पेटवली, शेत नांगरले की जीव मरणारच. मग गृहस्थाने जगावे कसे? ठरवून केलेली हिंसा ती संकल्पी. तिची मुभा गृहस्थालाही नाही. घरकामात घडणारी आरंभी आणि व्यवसायात घडणारी उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, पण जपून वागून ती कमी करायची. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात तर हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा.

सर्व्हर रूममध्ये हा प्रमाद बोट ठेवून दाखवता येतो. रॅकच्या रांगा अशा लावतात, की समोरच्या गल्लीतून थंड हवा आत जावी आणि मागच्या गल्लीत गरम हवा निघावी. केबल जोडणे सोपे जावे म्हणून नेटवर्क स्विचचे पोर्ट पुष्कळदा मागच्या बाजूला ठेवतात. त्याच्या पंख्यांची दिशा कुणी तपासली नाही, तर तो गरम गल्लीतलीच हवा ओढत राहतो. रॅकमधल्या रिकाम्या जागा पट्ट्यांनी झाकल्या नाहीत, की गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. स्विच तापल्याचा इशारा आला की मग अख्ख्या खोलीचे तापमान एसीने खाली आणले जाते. वास्तविक अ‍ॅशरे या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे यंत्रात शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची असली तरी पुरते.

शिवाय एसी उष्णता संपवत नाही. तो ती भिंतीपलीकडे ढकलतो, वर स्वतःच्या कॉम्प्रेसरचीही भर घालतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्समध्ये मेटाच्या डेटा सेंटरची उष्णता घरे उबदार ठेवायला वापरतात. डेटा सेंटरांच्या ऐरोली-महापे पट्ट्यात मात्र तशी ऊब कुणालाच नको आहे. तिथली उष्णता नवी मुंबईच्या दमट हवेतच मिसळते.

यंत्र तापले म्हणून कुणाला अपराधी ठरवता येणार नाही. पंख्यांची दिशा न पाहणे आणि तो निष्काळजीपणा विजेच्या बिलाआड झाकणे, हा मात्र खोली चालवणाऱ्यांचा दोष आहे. महाराष्ट्रात नव्या डेटा सेंटरला परवानगी देताना वीज आणि पाण्याबरोबरच बाहेर सोडल्या जाणाऱ्या उष्णतेचाही हिशेब मागायला हवा.